पान निळे झाले नाही, तर?

फोंडा तालुक्यातल्या एका शाळेच्या पालक-शिक्षक सभेला मी परवा नातीच्या वतीने गेलो होतो. तिचे आई-वडील दोघेही त्या दिवशी कामावर होते. विषयपत्रिकेतला शेवटचा मुद्दा असा होता, की सातवी ते दहावीच्या जीवशास्त्राची प्रात्यक्षिके यापुढे वर्गातल्या पडद्यावरच दाखवावीत आणि त्यातून वाचणारे तास संगणकाला व स्पर्धा परीक्षांच्या तयारीला द्यावेत. चहा थंड होऊन गेला तरी हा मुद्दा संपेना. एक गृहस्थ म्हणाले, "पळाल्यावर धाप लागते हे सिद्ध करायला पोरांना मैदानात कशाला पळवायचे?" दुसऱ्यांनी भर घातली, "झाडाला ऊन लागते हे आमच्या कुळागरातल्या कामगारालाही ठाऊक आहे. त्यासाठी पान उकळायचे काय कारण?" समोरच्या बाजूने ठरलेली उत्तरे आली. आमच्या वेळी आम्ही सगळे हाताने केले, हाताने केलेले विसरत नाही, पडद्यावर शिकलेला डॉक्टर तुम्हाला चालेल काय, वगैरे. टाळ्या दोन्ही बाजूंना मिळाल्या. मी ३१ वर्षे शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस आहे, तेव्हा माझे मत कोणत्या बाजूला असणार हे सभेने गृहीत धरले असावे. बसस्टॉपपर्यंत चालत जाताना मला मात्र वाटत राहिले, की हे दोन्ही पक्ष एकाच चुकीच्या समजुतीवर उभे राहून एकमेकांशी भांडत होते.

ती समजूत अशी, की शाळेतला प्रयोग म्हणजे पुस्तकातल्या वाक्याला जोडलेला पुरावा. एकदा हे मान्य केले की पडद्याची बाजू जिंकलीच म्हणून समजा. कारण वाक्य जर आधीच खरे ठरलेले असेल, तर त्याचा पुरावा तीन मिनिटांत स्वच्छ दाखवणारी चित्रफीत ही तडा गेलेल्या परीक्षानळीपेक्षा केव्हाही बरी. माझे म्हणणे वेगळे आहे. श्वास मोजणे, चुन्याच्या निवळीत फुंकर घालणे, पानातला स्टार्च तपासणे हे साधे प्रयोग शाळेत राहिलेच पाहिजेत, आणि ते राहण्याचे सर्वांत मोठे कारण हे, की ते वारंवार फसतात. पुस्तक एक सांगते आणि हातातले पान दुसरेच दाखवते, असा प्रसंग शाळेच्या अख्ख्या वेळापत्रकात जवळजवळ याच एका तासाला येऊ शकतो. तो आपण येऊ देत नाही, ही खरी तक्रार आहे. आणि तिच्याबद्दल सभेत कोणी अवाक्षर काढले नाही.

दहावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकातला प्रयोग घ्या. मनी प्लांट किंवा क्रोटन यांसारखे हिरव्या-पांढऱ्या पानांचे झाड तीन दिवस अंधाऱ्या खोलीत ठेवायचे, म्हणजे पानातला साठलेला स्टार्च संपून जातो. मग कुंडी सुमारे सहा तास उन्हात ठेवायची, पान खुडून आधी पाण्यात आणि मग स्पिरिटमध्ये उकळून त्याचा हिरवा रंग काढायचा, आणि वर स्टार्चला निळे-काळे करणारे आयोडिन सोडायचे. जिथे हिरवे होते तिथे निळे-काळे होते, जिथे पांढरे होते तिथे आयोडिनचा तपकिरी रंग तसाच राहतो. कृतीत काहीही चूक नाही. फक्त ती लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर गोव्यातला जुलै नसावा. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. एकदा आभाळ बसले की सहा तासांचे ऊन मागणे म्हणजे चैत्रात चवथ मागण्यासारखेच आहे. अशाच एका जुलैत आम्ही कुंड्या व्हरांड्यात ठेवल्या आणि त्यांना पत्र्याच्या कडेखालून येणारा करडा उजेड सहा तास "ऊन" म्हणून दिला. दुसऱ्या सत्रात पाने उकळली, बशीत पसरली, आयोडिन घातले. तिसऱ्या टेबलावरची एक मुलगी बशी दोन्ही हातांत धरून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, म्हजें पान निळें जावंक ना." खरेच झाले नव्हते. सगळे पान विडीच्या पानासारखे तपकिरी होते. मधल्या शिरेच्या बाजूने किंचित करडी झाक होती, तीही बशी उजेडाकडे तिरकी धरली तरच दिसत होती. घंटेला चार मिनिटे उरली होती. मी तिला म्हटले, शेजारच्या गटाचे पान बघ आणि लिही. शेजारच्या गटाचेही निळे झाले नव्हते. त्यांनी आधीच त्यांच्या शेजाऱ्यांचे विचारून घेतले होते. संध्याकाळी ४० जर्नलांत ४० पाने निळी-काळी झालेली होती, आणि चाळीसही जर्नलांवर मी सही केली.

प्रयोगाचे शीर्षक माझ्या अजून लक्षात आहे. फळ्यावर मी वळणदार अक्षरात लिहिले होते: "प्रकाशसंश्लेषणास प्रकाशाची आवश्यकता असते हे सिद्ध करणे." प्रकाश पुरेसा नव्हता म्हणून स्टार्च झाला नाही. याहून नेमका पुरावा कोणती चित्रफीत देणार होती? तो पुरावा त्या मुलीच्या बशीत होता, तिने तो माझ्यापर्यंत आणून दिला होता, आणि मी तो खोडायला लावला. त्या दिवशी ती मुले जीवशास्त्र फारसे शिकली नसतील. पण डोळ्यांना दिसलेले आणि पुस्तकात छापलेले यांत तफावत आली तर शहाण्या माणसाने काय करावे, हे त्यांना एका तासात समजले. हा धडा मी शिकवला. पडद्याने नव्हे.

त्याच शाळांतून गेल्या काही वर्षांत सरकारी योजनेतून कोडिंग आणि रोबोटिक्स आले आहे, आणि ते आले हे उत्तमच झाले. माझी नात त्या तासाला चार चाकांची एक छोटी गाडी चालवते. गाडी डावीकडे वळायच्या ऐवजी जागच्या जागी गोल फिरू लागली, तर तिच्या टीचर तिला "गाडी डावीकडे वळली असे लिहून टाक" असे सांगत नाहीत. चूक कुठे आहे ते शोधायला लावतात. तार तपासतात, आज्ञा पुन्हा वाचतात, आणि कधीकधी तो अख्खा तास त्यातच जातो. तो तास वाया गेला असे कोणी म्हणत नाही. उलट, त्यालाच शिक्षण म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात. मग तीच मुलगी, त्याच इमारतीत, दोन खोल्या पलीकडे गेल्यावर फसलेले पान केराच्या टोपलीत का टाकते? यंत्राला चुकण्याचा अधिकार आहे आणि पानाला नाही, असे कोणी ठरवले?

साध्या प्रयोगांचा निकाल आधीच ठाऊक असतो, हा पडद्यावाल्यांचा सर्वांत जोरकस मुद्दा आहे आणि तो वरवर पाहता बिनतोड वाटतो. इतिहास मात्र वेगळे सांगतो. फान हेलमाँट नावाच्या डच भाषिक मुलखातल्या वैद्याने २०० पौंड सुकी माती मोठ्या कुंडीत भरून तिच्यात ५ पौंडांचे विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे त्याला फक्त पाणी घातले. झाड १६९ पौंडांचे झाले, माती जेमतेम दोन औंस घटली. झाड माती खाऊन वाढत नाही हे त्याने शाळकरी वाटावा अशा प्रयोगाने दाखवून दिले, आणि लगेच, हे सगळे लाकूड केवळ पाण्यातून आले, असा चुकीचा निष्कर्ष काढला. त्याचे लेखन १६४८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, छापले गेले. हवेकडे लक्ष जायला पुढे सव्वाशे वर्षे लागली. १७७१ च्या ऑगस्टमध्ये जोसेफ प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने मेणबत्ती विझलेल्या बंद हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली आणि दहा दिवसांनी त्याच हवेत दुसरी मेणबत्ती नीट जळताना पाहिली. झाडे बिघडलेली हवा सुधारतात, ही केवढी मोठी गोष्ट. पण पुढे इतरांना तो प्रयोग साधेना. कुणाची हवा सुधारे, कुणाची आणखी बिघडे, आणि खुद्द प्रीस्टलीलाही दर वेळी तोच निकाल मिळेना. कारण बरणी कोणत्या खिडकीत ठेवली आहे, याकडे कोणीच पाहत नव्हते. १७७९ च्या उन्हाळ्यात यान इंगेनहाउझ या डच वैद्याने लंडनजवळच्या एका घरात तीन महिन्यांच्या आत पाचशेहून अधिक प्रयोग केले, पाण्यात बुडवलेल्या पानांवरचे बुडबुडे पाहिले, आणि सगळा घोळ उजेडाचा आहे हे ओळखले. झाडाचे हिरवे भाग उन्हात हवा सुधारतात. अंधारात तेच झाड आपल्यासारखीच हवा बिघडवते. आता जुलैतल्या माझ्या त्या व्हरांड्याकडे पाहा. प्रीस्टलीच्या फसलेल्या बरण्या आणि त्या मुलीची बशी यांत तत्त्वाने काय फरक आहे? फरक इतकाच, की त्या काळी फसलेल्या बरणीबद्दल लोकांनी आठ वर्षे वाद घातला आणि आम्ही चार मिनिटांत मिटवला.

कुळागरातल्या कामगाराचा दाखला देणाऱ्या गृहस्थांनाही इथेच उत्तर द्यायला हवे, कारण त्यांच्या बोलण्यात त्या कामगाराचा थोडा अपमान आहे. झाडाला ऊन लागते, एवढेच त्याला ठाऊक असते तर कुळागर उभेच राहिले नसते. वर माड, त्याखाली पोफळी, पोफळीच्या अंगावर मिरी, तळाशी केळ आणि वेलची. कुणाला किती ऊन पुरते, कुणाला किती सोसत नाही, कोणती झावळ काढली की खालच्या कोणत्या झाडाचे पान करपेल, हे त्याला ठाऊक असते. ते त्याला पुस्तकाने सांगितलेले नाही. पिढ्यान्‌पिढ्या झाडे मरताना आणि जगताना पाहून कळलेले आहे. अर्धे पान काळ्या कागदाने झाकणारे मूल त्याच रस्त्याचे पहिले पाऊल टाकत असते. मालकाला ते पाऊल अनावश्यक वाटते, याचे मला आश्चर्य वाटत नाही.

श्वासाच्या प्रयोगाकडे वळतो. त्याच्यावरच सभेत सर्वांत जास्त हशा झाला. सातवीच्या जुन्या एनसीईआरटी पुस्तकात एक कोष्टक होते: स्वस्थ बसून, भरभर चालून, पळून आणि मग विश्रांतीनंतर मिनिटाला किती श्वास होतात ते मोजा. त्याच प्रकरणात असेही सांगितले होते, की प्रौढ माणूस विश्रांतीत मिनिटाला १५ ते १८ वेळा श्वास घेतो आणि जोराच्या व्यायामात हा आकडा २५ पर्यंत जाऊ शकतो. आता १२ वर्षांची मुले मैदानाला दोन फेऱ्या मारून आली की काय होते? आकडे ३२, ३८, ४१ असे येतात. येणारच, जीव तोडून पळालेल्याचा श्वास चाळिशीच्या पुढे जाणे काही नवल नाही, आणि मुलांचा बसल्या जागचा श्वासही मोठ्यांपेक्षा थोडा जलदच असतो. पण जर्नलात मात्र वर्षानुवर्षे १६ आणि २५ हेच आकडे. मोजणी केली ती मुलांनी, पण आकडे उतरले ते पुस्तकातले. एकदा मी कोष्टक न बघता मुलांना आकडे फळ्यावर लिहायला लावले, तेव्हा पळून आलेल्या एका मुलाचा आकडा इतरांपेक्षा बराच कमी आला आणि दीड मिनिटात तो पुन्हा बसल्या जागच्या आकड्यावर पोचला. वर्गाने तो खोटे बोलतो असे ठरवून टाकले. तो रोज संध्याकाळी गावच्या मैदानावर फुटबॉल खेळायचा. तो खोटे बोलत नव्हता. तो दर श्वासाला जास्त हवा घेत होता, आणि त्याचे सरावलेले शरीर लवकर सावरत होते. वर्गाने छाती फुगताना पाहिलीच नव्हती, फक्त मोजली होती. मग एका मुलीने विचारले, की मोजताना आपोआप श्वास मंद होतो काय. कारण तिला तसे वाटत होते. होतो. श्वासाकडे लक्ष गेले की तो बदलतो, म्हणून दवाखान्यात परिचारिका नाडी पाहण्याचे निमित्त करून श्वास मोजते. त्या तासाला मी शिकवण्यासारखे जवळजवळ काहीच केले नाही, आणि माझ्या नोकरीतल्या बऱ्या तासांपैकी तो एक होता.

"धाप लागते हे ठाऊकच आहे" असे म्हणणाऱ्यांना मी एकच विचारीन: का लागते? बहुतेक जण म्हणतील, शरीराला ऑक्सिजन कमी पडतो म्हणून. १९०५ मध्ये हॉल्डेन आणि जे. जी. प्रीस्टली (हा वेगळा प्रीस्टली) या शरीरशास्त्रज्ञांनी दाखवले, की श्वासाचा लगाम मुख्यतः रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडच्या हाती असतो. म्हणजे उत्तर मिळाले? तेही नाही. १९१३ मध्ये क्रोग आणि लिंडहार्ड यांनी नोंदवले, की व्यायाम सुरू होताक्षणी, रक्तात काही साठायच्या आतच, श्वास वाढतो. जणू मेंदूने पायांना आज्ञा देतानाच फुप्फुसांनाही कळवून ठेवले. मध्यम व्यायामात तर रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण फारसे हलतही नाही आणि तरी श्वास नेमका हवा तेवढा वाढतो. यातले कोणते कारण किती वजनाचे, यावर शरीरशास्त्रज्ञांचे आजही पूर्ण एकमत नाही. ज्या प्रश्नावर शंभराहून अधिक वर्षे काम चालू आहे, तो प्रश्न सातवीच्या मुलाच्या बरगड्यांखाली आहे, आणि आपण त्याला सांगतो, की हे सगळे ठरलेले आहे, तू फक्त कोष्टक भर.

या मोजणीतून किती लांब जाता येते, याचे उदाहरण म्हणून मला लाव्हॉज्ये या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाची प्रयोगशाळा नेहमी आठवते. १७९० च्या सुमारास पॅरिसमध्ये त्याचा सहकारी सेगँ तोंडाला मुखवटा बांधून खुर्चीत बसला, पायाने पट्टी दाबत राहिला, आणि लाव्हॉज्येने त्याचा श्वास तपासला. बाजूच्या टेबलाशी बसून नोंदी घेणारी त्याची पत्नी मारी-आन हिनेच त्या प्रसंगाचे चित्र काढले आहे, आणि चित्रात स्वतःला नोंदवहीसकट बसवले आहे. श्रम करताना ऑक्सिजन जास्त खर्च होतो, हा निष्कर्ष आज शाळकरी वाटेल. पण त्यावरून लाव्हॉज्येने लिहिले ते शाळकरी नव्हते. अंगमेहनत करणाऱ्याचे शरीर जास्त जळते, म्हणजे त्याला जास्त अन्न लागते; मग ज्याला कमी लागते त्या श्रीमंताच्या ताटात जास्त आणि कष्टकऱ्याच्या ताटात कमी, असे का? दिवसातून दोन-तीनदा माडी काढायला माडांवर चढणाऱ्या रेंदेराच्या मुलाने वर्गात आपल्या वडिलांचा श्वास मोजून आणला, तर हा प्रश्न आपल्या वर्गातही येऊ शकतो. पडद्यावरच्या चित्रफितीतल्या माणसाला वडील नसतात.

विरुद्ध बाजूचे काही मुद्दे मात्र खरे आहेत आणि ते हसण्यावारी नेणाऱ्यांशी माझे पटत नाही. पहिला सुरक्षिततेचा. ४० मुले, एक शिक्षक, पेटलेले दिवे आणि उघडे स्पिरिट ही जोडी मला नोकरीभर छातीत धडकी भरवत आली. पण याला उत्तर आहे आणि ते स्वस्त आहे. स्पिरिट साधारण ७८ अंशांना उकळते. म्हणून पाणी शिक्षकांच्या खोलीत गरम करायचे, वर्गात आणण्याआधी सगळ्या ज्योती विझवायच्या, आणि पान घातलेली स्पिरिटची नळी त्या गरम पाण्यात उभी करायची. रंग उतरायला थोडा वेळ जास्त लागतो, एवढेच. दुसरा मुद्दा अधिक नाजूक आहे. दमेकरी मुलाला पळवणे धोक्याचे आहे, आणि जाड्या मुलाला सगळ्यांदेखत पळवून त्याचा आकडा फळ्यावर लिहिणे क्रूरपणाचे आहे. मी हे केले आहे, तेव्हा मला ते समजले नाही, आणि आता समजते. पळणे ऐच्छिक असावे, आकड्यापुढे नाव नसावे, आणि घड्याळ धरणाऱ्याला पळणाऱ्याइतकेच महत्त्व असावे. मारी-आन पळत नव्हती. तिसरा मुद्दा वेळेचा. ३५ मिनिटांच्या तासात हे बसत नाही ही वस्तुस्थिती आहे. २०२५ मध्ये वर्ग एप्रिलमध्येच सुरू करण्यावरून आपल्याकडे जो वाद झाला, त्यात उकाडा आणि पंखे यांची पुष्कळ चर्चा झाली. वाढलेल्या दिवसांत काय करायचे याची त्या मानाने थोडीच. एप्रिलमध्ये निदान ऊन तरी मुबलक असते, असे मी तेव्हा एकाला गमतीने म्हटले होते. आता ते मला तितकेसे गमतीचे वाटत नाही. एकच पान एप्रिलमध्ये आणि तेच झाड पुन्हा जुलैत तपासले, तर त्यासारखा प्रयोग नाही.

संगणकावरच्या आभासी प्रयोगशाळेबद्दलही मला आकस नाही. दिवा दुप्पट अंतरावर नेला की उजेड चौथाई होतो, आणि त्यानुसार पाण्यातल्या झाडाचे बुडबुडे कसे कमी होतात, हे ती शाळेतल्या कोणत्याही टेबलापेक्षा नीट दाखवते. ज्या मुलाचे हात किंवा डोळे साथ देत नाहीत त्याला तर ती वरदान आहे. पण तिला एक मर्यादा आहे, आणि ती यंत्राच्या ताकदीने ओलांडता येणारी नाही. तिच्यात घातले आहे तेवढेच तिच्यातून निघते. खऱ्या तळ्यातली हायड्रिला ही पाणवनस्पती फनेलखाली ठेवली, की पहिल्या दिवशी बुडबुडे येतच नाहीत. चिमूटभर खाण्याचा सोडा टाकल्यावर येतात, मग प्रश्न पडतो की सोड्याने काय केले. जुना तापणारा बल्ब लावला तर झाड नसलेल्या ग्लासातही काचेला बुडबुडे चिकटतात, कारण पाणी तापले की त्यात विरघळलेली हवा बाहेर पडते. म्हणजे आपण इतका वेळ जे मोजत होतो ते झाडाचे होते की दिव्याचे? झाडाविना एक ग्लास शेजारी का ठेवावा लागतो, हे ज्या मुलाला असे फजीत होऊन कळते, त्याला ते आयुष्यभर पुरते. जगदीशचंद्र बोस यांनी याच हायड्रिलाच्या बुडबुड्यांची आपोआप नोंद घेणारे यंत्र बनवले आणि त्यावरचे आपले काम १९२४ मध्ये प्रसिद्ध केले. बुडबुडे मोजणे पोरकट असेल, तर ते पोरकटपण त्यांच्या वाट्यालाही आले होते.

आणि खर्च? खेड्यातल्या शाळांत प्रयोगशाळा नाहीत म्हणून पडदा बरा, हा मुद्दा सभेत मोठ्या कळवळ्याने मांडला गेला. पण पडद्याला वीज, प्रक्षेपक आणि इंटरनेट लागते. या प्रयोगांना घड्याळ, काळा कागद, औषधाच्या दुकानातले पोव्हिडोन आयोडिन आणि पानाच्या गादीवरचा चुना लागतो. चुना पाण्यात ढवळा, रात्रभर झाकून ठेवा, वरची निवळी अलगद काढून घ्या. भांडे उघडे राहिले तर सकाळी पाण्यावर पातळ साय आलेली असते. खोलीतल्या हवेनेच प्रयोग उरकून टाकलेला असतो. आत घेतलेल्या हवेत कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्के असतो आणि बाहेर सोडलेल्या हवेत ४ टक्क्यांच्या आसपास. म्हणून पिचकारीने हवा सोडली तर निवळी पांढरी व्हायला फार वेळ लागतो आणि नळीतून फुंकली तर काही क्षणांत होते. इथे गोव्यातल्या मुलाला सांगण्यासारखी एक गोष्ट आहे, जी बाहेरच्या पुस्तकात सापडणार नाही. आपली जुनी घरे ज्या चुन्याने बांधली तो पुष्कळदा खाडीतले शिंपले भाजून केलेला असायचा. शिंपला भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुना उरतो. त्याच्या निवळीत फुंकर घातली की तो वायू त्याला पुन्हा मिळतो आणि जो पांढरा गाळ तळाशी बसतो तो रासायनिकदृष्ट्या शिंपल्याचाच पदार्थ असतो. मुलाने आपल्या श्वासाने नळीत शिंपला परत आणलेला असतो. आणि एखादे हट्टी मूल पांढरे झाल्यावरही फुंकतच राहते, तेव्हा पाणी पुन्हा नितळ होते. आम्ही अशा मुलाला ओरडायचो, "पांढरे झाले ना? मग थांब." वास्तविक त्याने पुढचा प्रयोग केलेला असे, जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडने तो गाळ पुन्हा विरघळतो, आणि चुनखडीच्या डोंगरांत पाण्याने गुहा कोरल्या जातात त्या याच वाटेने.

शेवटी उरतो तो बोर्डाच्या परीक्षेचा मुद्दा: उत्तरपत्रिकेत पुस्तकातलेच लागते, मग मुलांना गोंधळात का पाडायचे? या प्रश्नाला गोव्याच्या मातीतच एक जुने उत्तर आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये हिंदुस्थानात आला, पुढे गोव्यात राहिला, आणि इथल्या मिरी, वेलची, हिंग, आंबा, फणस यांविषयी त्याने लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. युरोपात तेव्हा ग्रीक वैद्यांच्या ग्रंथांना वेदांचे स्थान होते. ओर्ताने ते वाचले होते, मानलेही होते. पण जिथे ग्रंथ एक सांगे आणि बाजारातली, बागेतली वस्तू दुसरे दाखवी, तिथे त्याने वस्तूची बाजू घेतली आणि तसे छापले. त्याच्या मृत्यूनंतर, १५८० मध्ये, इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडे उकरून जाळली, तो अपराध त्याच्या यहुदी धर्माचा होता, वनस्पतिशास्त्राचा नव्हे. पण ज्या शहरात माणसाने काय मानावे हे इतके कडकपणे ठरवले जात होते, तिथे त्याने मिरीच्या वेलीबद्दल स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला, ही लहान गोष्ट नव्हती. पणजीच्या चर्चसमोरच्या उद्यानाला आज त्याचे नाव आहे. त्या उद्यानापासून हाकेच्या अंतरावरच्या शाळांतही जर्नले उतरवूनच काढली जात असतील, अशी मला शंका आहे.

पिंपळ चोवीस तास ऑक्सिजन देतो, तुळस रात्रीही देते, असे संदेश मला दर आठवड्याला येतात आणि पाठवणाऱ्यांत माझे माजी विद्यार्थी असतात. ज्यांनी अंधारात ठेवलेल्या हायड्रिलाचे बुडबुडे थांबताना पाहिले, त्यांना हे खटकायला हवे होते. ऑक्सिजन पाण्याच्या विघटनातून निघतो आणि त्याला उजेड लागतो, मग झाड कितीही पूज्य असो. तुळशीपुढे दिवा लावायला याने काही बाधा येत नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत घरोघरी माणसे बोटाला ऑक्सिमीटर लावून, सहा मिनिटे चालून, आकडे बघत बसली होती. बोट थंड असले किंवा नखाला रंग असला तर आकडा चुकतो, एकच मोजणी पुरत नाही, श्वास पूर्ण मिनिट मोजावा, हे तेव्हा फोनवरून समजावावे लागले. आयुष्यात एकदा तरी आपला श्वास प्रामाणिकपणे मोजलेला आणि नोंदलेला माणूस त्या दिवसांत किंचित कमी घाबरला असता, असे मला वाटते.

म्हणून त्या शाळेने पडदा जरूर वापरावा, आणि जर्नलातल्या निम्म्याहून अधिक प्रयोगांना खुशाल रजा द्यावी. वर्षाला चारच राहू देत, पण ते एका तासात न कोंबता आठवडाभर चालू देत. गुण मिळावेत ते दिसले तसे लिहिण्याला, आणि तसे का दिसले असावे याचा अंदाज बांधण्याला. मग तो अंदाज चुकला तरी चालेल, फान हेलमाँटचाही चुकलाच होता. एखाद्या मुलाने स्वयंपाकघरातून कांद्याची पात आणली आणि ती भर उन्हाळ्यातही निळी झाली नाही, तर तिला बाद करू नये. कांदा आपले अन्न पातीत स्टार्चच्या रूपात साठवतच नाही, साखरेच्या रूपात ठेवतो, आणि हे त्या मुलाने स्वतः शोधले आहे असे त्याच्या जर्नलात लाल शाईने लिहावे. पुढच्या सभेत मी हे सगळे मांडणार आहे. मुख्याध्यापकांनी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पानाचा प्रयोग एकदा माझ्यासमोर करू द्यायचे कबूल केले आहे. माझी एकच अट आहे: त्या दिवशी ढग असले म्हणून प्रयोग पुढे ढकलायचा नाही.